लॉर्नची अंगठी आणि आंधळा पंच

१

अंगठी गेली होती.

काचेची पेटी जागेवर होती. पेटीशेजारी लॉर्न हाव्रिलिकची सही केलेली जुनी हॉकीची काठी होती, त्याचे पहिलेवहिले स्केट्स होते, चषक डोक्यावर धरलेला फोटो होता. फक्त पेटीच्या मधोमध जी निळ्या मखमलीची उशी होती आणि त्या उशीवर चषक जिंकल्याबद्दल मिळालेली जी अंगठी होती, त्या दोन्हींचा पत्ता नव्हता.

नुकत्याच बाहेरून आत आलेल्या मायरन दिदुखने चष्मा काढला, मफलरने पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला. अंगठी तरीही नव्हतीच.

"मेलो," तो स्वतःशीच म्हणाला.

आता हे 'मेलो' कशासाठी, ते समजायचं तर वेरेन्का गावाची खोड माहीत हवी. गाव प्रेअरीच्या सपाट माळावर, चारी दिशांना गव्हाची शेतं, आणि हिवाळा असा लांब की माणसांना आठवणी उगाळण्याशिवाय दुसरा उद्योग नाही. मायरन उभा जन्म बर्फावरच्या हॉकीचा पंच होता. हजारो सामने खेळवले असतील. पण गावाने लक्षात ठेवला तो एकच. एकोणनव्वद सालची अंतिम लढत, शेजारच्या ओल्खोव्हा गावाविरुद्ध. मोठ्या लीगमधून निवृत्त होऊन परत आलेल्या लॉर्नने शेवटच्या मिनिटाला चकती हाणली आणि सगळं वेरेन्का नाचायला लागलं. मायरनने मात्र दोन्ही हात आडवे केले. चकती रेषेपार गेली नाही, गोल नाही! वेरेन्का हरलं.

तेव्हापासून तो 'आंधळा मायरन'. पोस्टात गेला तर खिडकीतली बाई विचारते, "पत्ता वाचून दाखवू का, काका?" बेकरीत गेला तर म्हणतात, "ब्रेड समोर आहे हं, डाव्या हाताला." त्याची स्वतःची बायको आयरीन भांडणात तोंडात येऊ देत नाही, पण नुसती भुवई उचलते. तेवढंही पुरतं.

आणि आज समाजमंडळाच्या हॉलमध्ये जेवणावळ असताना त्याच लॉर्नने सगळ्यांसमोर मायरनच्या खांद्यावर हात टाकून म्हटलं होतं, "अंगठीवर लक्ष ठेवायला मला मायरनच हवा. याने बघितलं म्हणजे बघितलं!" हॉल खदखदून हसला. मायरनही हसला, पण आतून सुखावला. इतक्या वर्षांत प्रथमच कुणी त्याच्या डोळ्यांवर काहीतरी सोपवलं होतं.

जेवणानंतर बेरीची पाई वाटायला घेतली की लॉर्न ती अंगठी आपल्या नातीला देणार होता. नात कलिना बायकांच्या व्यावसायिक लीगमध्ये गोलरक्षक होती आणि मंगळवारपासून तिची अंतिम मालिका सुरू होत होती, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. लॉर्नच्या कमरेचा सांधा नुकताच बदललेला, डॉक्टरने विमानाचं नावही काढू दिलं नव्हतं. "मी नाही येत तर माझी अंगठी येईल," असं म्हातारा आठवडाभर गावभर सांगत फिरत होता.

पाई यायला फार तर अर्धा तास होता. तोवर अंगठी सापडली नाही तर लॉर्नची आस धुळीला मिळणार होती, आणि मायरनला मरेपर्यंतच काय, मेल्यावरही थडग्यावर 'आंधळा' हेच नाव मिळालं असतं.

त्याने गळ्यातला मफलर पेटीवर पसरला आणि कामाला लागला.

२

मायरनची पंचगिरीची एक पद्धत होती. गडबड झाली की आधी माणसांकडे बघायचं नाही, बर्फाकडे बघायचं. माणसं अंगविक्षेप करतात, बर्फ करत नाही.

म्हणून त्याने मफलरखाली डोकं घालून पेटी न्याहाळली. काचेच्या झाकणावर एक अख्खा तळवा उमटला होता, लोण्याचा. पेटीच्या तळाशी पांढरं कापड अंथरलं होतं. त्यावर, उशी होती तिथे लोण्याचा एक थेंब आणि त्यात तळलेल्या कांद्याचा तुकडा. थेंबाच्या बाजूला दोन ठसे, शिंपल्याच्या कडेसारखे नागमोडी, समोरासमोर.

"काय रे मायरन, पेटीत डोकं घालून सूप पितोस का?"

मार्सेल तुर्पँ. लॉर्नबरोबर फाल्कन्स संघात तीन हंगाम खेळलेला, आणि ज्या वर्षी फाल्कन्सनी चषक जिंकला त्याच वर्षी, ऐन हिवाळ्यात, दुसऱ्या संघाला विकला गेलेला. म्हणजे अंगठी दोन-चार महिन्यांनी हुकली. अशा माणसाला अंगठीचा मोह नसेल तर कुणाला असेल?

मायरनने त्याला कोपऱ्यात ओढलं. "मार्सेल, अंगठी गेलीय. खरं सांग. दुपारी तू अंगठी बोटात घातली होतीस."

"घातली होती की! फोटोही काढले. अरे, आपण जिंकलेला नाही त्या चषकाला, त्या अंगठीला हात लावायचा नाही, हे आम्ही खेळाडू आईच्या दुधाबरोबर शिकतो. हात लावला की नशिबात ती कधीच येत नाही. पण मी त्र्याहत्तर वर्षांचा झालो, मायरन. माझी आशा केव्हाच गोठली! म्हणून आता घालून घेतली." तो गडगडून हसला. "आणि मग निघेचना! या सांध्यांच्या सुजेने अडकली. स्टेफीने बोटाला लोणी चोपडलं, आणि भांडी पुसायचा कपडा गुंडाळून अशी हिसडा देऊन ओढली, की बोटच जातंय असं वाटलं. मला चोरायची असती तर ती बोटात अडकलेलीच बरी होती ना? फुकटात गेली असती!"

स्टेफी म्हणजे लॉर्नची बायको. आज स्वयंपाकघराची सर्वाधिकारी.

"मग हे लोणी तुझंच म्हणायचं," मायरन पुटपुटला.

"कुठलं लोणी?"

"काही नाही. मला सांग, लोण्यात कांदा होता?"

मार्सेलने त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "बोटाला कांदा कोण लावतं रे? तुझे डोळे गेले ते गेले, आता डोकंही चाललं काय?"

 तेवढ्यात मायरनला दिसलं, की दाराशी रेजायना शहरातून आलेला एक सुटाबुटातला माणूस घाईघाईने कोट अंगात चढवतोय.

३

त्याचं नाव ग्लेन ऍशबी. खेळाडूंच्या जुन्या वस्तू विकत घेणं हा त्याचा धंदा. गेले दोन महिने तो लॉर्नच्या मागे लागला होता आणि लॉर्न दर वेळी त्याला कॉफी पाजून वाटेला लावत होता.

"कुठे निघालात?" मायरन आडवा उभा राहिला. उभा कसला, बर्फावर भांडणारे दोन खेळाडू सोडवताना पंच मधे शिरतात, तसा शिरला.

"गाडी गरम करायला. बाहेर उणे सव्वीस आहे, माहीत आहे ना?"

"खिसे दाखवा."

ग्लेनने डोळे बारीक केले. मग मफलर टाकलेल्या पेटीकडे पाहिलं, आणि शीळ घातली. "गेली? अरेरे! आणि राखणीला तुम्ही होतात ना?" पण माणूस धंद्याचा असला तरी वाईट नव्हता. त्याने खिसे उलटे केले. किल्ल्या, पेपरमिंट, रुमालात गुंडाळलेल्या दोन कोबीच्या गुंडाळ्या. त्या पाहून तो लाजला. "बायकोसाठी. तिकडे अशा मिळत नाहीत हो."

मायरनने त्याला पेटी दाखवली. ग्लेनने नागमोडी ठसे पाहिले आणि त्याचे डोळे चमकले. "चिमटा! चिमट्याने उचललीय. पक्का चोर दिसतोय, बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून."

"ठसे उमटू नयेत म्हणून चिमटा वापरला," मायरन सावकाश म्हणाला, "आणि झाकणावर अख्खा पंजा ठेवून गेला?"

ग्लेन पुन्हा ठशांवर वाकला.

"आणि उशी का नेली? अंगठी खिशात मावते. उशी नाही मावत."

"उशीला कवडीची किंमत नाही," ग्लेन कबूल झाला. "खरं सांगू? त्या अंगठीलाही चोराच्या हातात किंमत नाही. आत लॉर्नचं नाव कोरलंय. विकायला गेला की दुसऱ्या मिनिटाला पकडला जाईल. शिवाय मला वस्तू आवडली की मी ती हातात घेतो, बोटात घालतो, चाटायचीच काय ती बाकी ठेवतो. बायको म्हणते, लहान पोरासारखं करतोस. हे चिमट्याने उचलणं म्हणजे..."

"म्हणजे?"

"म्हणजे विस्तवच उचलल्यासारखं झालं."

मायरनच्या डोक्यात काहीतरी खट्कन वाजलं. त्याने हॉलच्या मध्यभागी पाहिलं. अकॉर्डियन वाजत होता, आणि मुलामुलींच्या गराड्यात कलिना उभी होती. दुपारी अंगठी मांडली तेव्हाचं तिचं रूप त्याला आठवलं. सगळं गाव पेटीला नाक लावून बघत होतं, आणि ही पोरगी चार पावलं मागे, दोन्ही हात जीनच्या मागच्या खिशात घट्ट खुपसून उभी होती.

जिला अजून जिंकायचंय, तिच्यासाठी ती अंगठी विस्तवच होती.

४

"कलिना, बाळा, जरा इकडे ये."

कलिना आली. उंच, गालावर खळी, हातात कुणा पोराची सही करायची चकती.

"काय मायरनकाका?"

"तुला ती अंगठी नकोय. हो ना?"

तिचा चेहरा एकदम पडला. तिने आजोबा कुठे आहेत ते पाहिलं, आणि आवाज खाली आणला. "काका, कुणाला सांगू नका. आजोबांना किती हौस आहे! मी नाही म्हटलं तर त्यांचं काळीज फुटेल. ते जिंकलेत ना, त्यांना आता ती भीती आठवतच नाही. पण मी मालिकेच्या आधी त्या अंगठीला हात लावला, आणि परवा एक जरी चकती पायांमधून गेली, तर मी आयुष्यभर स्वतःला... दोन रात्री झोपले नाहीये मी!"

"म्हणून चिमट्याने उचललीस?"

"काय उचललं?"

तिचं आश्चर्य खरं होतं. मायरनने आयुष्यभर खोटंच पडून दाखवणारे खेळाडू पाहिले होते, खरं पडलेला कसा दिसतो ते त्याला कळायचं. शिवाय तो बाहेर गेला होता तेवढा सगळा वेळ कलिना त्या पोरांच्या गराड्यात अडकलेली होती, ते अर्ध्या गावाने पाहिलं होतं.

"अंगठी गेली?" तिने तोंडावर हात ठेवला. आणि मग, बिचारी लपवू शकली नाही, तिच्या चेहऱ्यावर क्षणभर सुटकेचं हसू येऊन गेलं. लगेच डोळ्यांत पाणी. "अगं बाई! आजोबा! आणि तुम्ही! लोक तुम्हाला खाऊन टाकतील हो काका!"

"ते जाऊ दे. आपला अंगठीचा घोर कुणाजवळ बोलली होतीस?"

"कुणाजवळच नाही. म्हणजे, सकाळी पेरोगीच्या कणकेत सारण भरताना आजीने विचारलं, झोपली नाहीस का. मी म्हटलं, काही नाही. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली."

मायरन जागीच थबकला. तो बाहेर का गेला होता? आयरीनने येऊन सांगितलं होतं, तुझ्या गाडीचे दिवे चालू राहिलेत म्हणून. तो थंडीत कुडकुडत गेला, तर दिवे बंद. त्याला वाटलं होतं, आयरीनचा काहीतरी घोटाळा झाला.

तो तडक स्वयंपाकघरात शिरला, आणि दारातच कशाला तरी अडखळून पालथा पडता पडता वाचला.

५

ती हॉकीची बॅग होती. भली मोठी, काळी. आणि तिचा वास! घामाने भिजलेले हातमोजे, गुडघ्याचे पॅड, हंगामभराचे मोजे. त्या वासाची ज्याला सवय नाही त्याने तिथे उभं राहू नये.

"स्टेफीची आहे," आयरीन नाक दाबून म्हणाली. आयरीन कढईपाशी उभी होती, हातात मोठा डाव. "आज मॅगपाईजचा सराव होता ना सकाळी. एरवी बाहेर कोटांखाली ठेवते. स्वयंपाकघरात दुसऱ्या कुणी आणली असती तर हिनेच लाटणं घेऊन धावून गेली असती. आज काय संचारलंय कोण जाणे."

वेरेन्का मॅगपाईज म्हणजे साठीच्या पुढच्या बायकांचा संघ. गावाला त्याची गंमत वाटायची. पंधरवड्याने त्यांची प्रांताच्या स्पर्धेची अंतिम लढत होती, हे गावात बऱ्याच जणांना माहीतही नव्हतं.

"आयरीन, तू लोण्याकांद्यातल्या पेरोगी डावाने का वाढतेयस? फुटताहेत त्या."

"मग काय हाताने वाढू? चिमटा सापडत नाही! स्टेफीचा तो मोठा चिमटा, शिंपल्यासारख्या कडांचा. मघापासून नाहीये. मी तिला सांगितलं, तर म्हणाली, असू दे गं, डाव घे."

"स्टेफी म्हणाली? असू दे?"

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. मागच्या वर्षी एका चहाच्या चमच्यासाठी स्टेफीने सगळ्या हॉलला कचऱ्याच्या पिशव्या उपसायला लावल्या होत्या. तिच्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका असतो.

"आयरीन, माझ्या गाडीचे दिवे चालू आहेत हे तुला कुणी सांगितलं?"

आयरीनने मोरीच्या दिशेने पाहिलं. मग डाव कढईत ठेवून ती म्हणाली, "मी पाई कापायला जाते. तू बोल तिच्याशी. आणि मायरन... नीट बोल."

मोरीपाशी स्टेफी पाठमोरी उभी होती. एक पातेलं ती इतका वेळ घासत होती, की त्याला भोक पडायचंच बाकी होतं.

"स्टेफी," मायरन म्हणाला, "मी आधी समजलो कलिनाने नेली. कारण अंगठीला हात लावायची भीती ज्याला आहे, त्यानेच उशीसकट आणि वर चिमट्याने उचलली असणार. तशी भीती कुणाला? ज्याला अजून जिंकायचंय त्याला. मार्सेलने आशा सोडली. ग्लेनला खेळताच येत नाही. राहिली कलिना, पण ती पेटीपाशी आलीच नव्हती. मग मला मार्सेलचं बोट आठवलं. तू अंगठी ओढलीस ती कपडा गुंडाळून. आम्ही समजलो, लोण्याने हात निसटतो म्हणून."

स्टेफी घासायची थांबली.

"कपडा, चिमटा, उशी. आपल्या चमच्यासाठी गाव पालथं घालणारी बाई चिमट्याबद्दल चकार शब्द काढत नाही. माझ्या दिव्यांचा निरोप या स्वयंपाकघरातून निघाला. आणि ती बॅग. या हॉलमध्ये एकच जागा अशी आहे, की तिच्यात कुणी मायचा लाल हात घालणार नाही." तो थांबला. "एकच कळत नाही. तुला कसली भीती, स्टेफी?"

ती वळली. हात ओलेच. डोळेही.

"माझी पंधरवड्याने फायनल आहे," ती म्हणाली.

मायरनने चष्मा नाकावर वर सारला.

"हस. सगळे हसतात. मायरन, आमच्या वेळी मुलींना बर्फावर कोण उतरू देत होतं? मी भावाचे स्केट्स घालून तळ्यावर खेळायचे, आई मारायची. मग लॉर्न अंगठी घेऊन आला. सगळ्या गावाने ती घालून बघितली. त्याने मला दिली तेव्हा मी म्हटलं, हात मळके आहेत, नंतर. ते नंतर आलंच नाही. कारण मला वाटायचं, कधीतरी मी पण... वेडेपणा आहे. इतकी वर्षं झाली, ती अंगठी मी चिमट्याने धरून साबणात बुडवते, फडक्याने पुसते, उशीवर ठेवते. बोट लावलेलं नाही. त्याला माहीतही नाही. आणि आज सकाळी पोरीचा चेहरा पाहिला. मला कळलं तिला काय होतंय. ते माझ्याइतकं या घरात दुसऱ्या कुणाला कळणार?"

"लॉर्नला सांगायचं होतंस."

"सांगितलं! म्हणाला, अंगठी म्हणजे काय चषक आहे का, खुळ्यासारखं बोलू नकोस. आणखी समजवायचं तर माझं गुपित सांगावं लागलं असतं. म्हटलं, मंगळवारपर्यंत हरवू दे, मग सापडेल. दिव्यांची थाप मारून तुला बाहेर काढलं, पण मग गाव तुला काय म्हणेल हा विचारच आला नाही रे डोक्यात. नंतर तुला पेटीत डोकं घालून शोधताना पाहिलं, तेव्हा ते सुचलं. पण तोवर..."

बाहेर अकॉर्डियन थांबला. लॉर्नचा गडगडाटी आवाज आला.

"पाई आली रे! आणि हे काय? पेटीवर मफलर कुणाचा? मायरन! अरे, पेटी रिकामी! माझी अंगठी कुठेय?"

६

मायरनने श्वास रोखला आणि बॅगेत खांद्यापर्यंत हात घातला. डाव्या हातमोज्यात त्याला मखमल लागली, आणि कांद्याचा वास मारणारा चिमटा. त्याने चहाच्या पत्तीचा रिकामा डबा घेतला, उशीसकट अंगठी आत ठेवली, आणि बॅगेतली काठीला गुंडाळायची काळी चिकट पट्टी काढून डब्याभोवती गरागरा गुंडाळली. वीस फेरे, बावीस फेरे, झाकण दिसेनासं होईपर्यंत.

तो हॉलमध्ये आला तेव्हा सगळं गाव रिकाम्या पेटीभोवती जमलं होतं. लॉर्न काठी टेकत पेटीपाशी उभा होता. एवढा धिप्पाड माणूस, पण खालचा ओठ लहान मुलासारखा थरथरत होता.

सगळं सांगितलं तर मायरन सुटणार होता. आयुष्यात एकदा तरी गावाला कळलं असतं, की याला दिसतं. त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे स्टेफी एप्रनला हात पुसत उभी होती.

"अंगठी माझ्याकडे आहे," मायरन म्हणाला. "मीच काढून ठेवली. सांगायचं विसरलो."

"विसरलास?"

"म्हातारा झालो. पण पंच म्हणून माझा निर्णय ऐका. न जिंकलेल्याने जिंकलेल्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, हा खेळाचा नियम आहे, लॉर्न. तूही तुझ्या वेळी पाळलास. म्हणून अंगठी या डब्यात, डब्याला पट्टी. कलिना डबा नेईल. तुझी अंगठी तिच्याबरोबर जाईल, पण तिच्या हाताला लागणार नाही. पट्टी सुटेल ती जिंकल्यावर."

कलिनाने तो डबा दोन्ही हातांनी असा छातीशी धरला, की लॉर्नला काय कळायचं ते कळलं. "अगं, मग मला सांगायचंस ना, पोरी," तो हळूच म्हणाला. "मी विसरलोच होतो बघ."

पण गाव थोडंच गप्प बसतंय! मागून कुणीतरी ओरडलं, "अंगठी खिशात आणि शोधतोय पेटीत! आंधळा तो आंधळाच!" हशा उसळला. टेबलं बडवली गेली. मायरनही ओशाळं हसला, आणि पाईकडे वळला.

"गप्प बसा सगळे!"

हा आवाज वेरेन्कात एकाच बाईचा असू शकत होता. हशा जागच्या जागी विझला. स्टेफी हॉलच्या मधोमध आली, हातात तो चिमटा.

"अंगठी मी घेतली होती. याच चिमट्याने. या माणसाने अर्ध्या तासात मला पकडलं, आणि माझ्यासाठी तुमच्या शिव्या खातोय!" मग तिने सगळं सांगितलं. कलिनाची झोप, फडकं, साबण, तळ्यावरचे भावाचे स्केट्स. बोलताना ती लॉर्नकडे बघत नव्हती. लॉर्न मात्र तिच्याकडेच बघत होता, जन्मात प्रथमच पाहिल्यासारखा.

"इतकी वर्षं?" तो म्हणाला. "आणि मी समजत होतो, तुला ती अंगठी आवडत नाही. म्हणून मी पण घालत नव्हतो."

"खुळा आहेस," स्टेफी म्हणाली, आणि डोळे पुसले. मग ती गावाकडे वळली. "आणि आता शेवटचं ऐका. मायरनच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. एकोणनव्वदला मी गोलच्या जाळीमागे बसले होते. चकती रेषेवर होती. पार गेली नव्हती. तो गोल नव्हताच!"

जणू छत कोसळलं. सगळे एकदम बोलायला लागले. मार्सेल पोट धरून हसत होता. "इतकी वर्षं गप्प बसलीस?" कुणीतरी किंचाळलं. "मला याच गावात राहायचं होतं!" स्टेफीने ठणकावलं. आणि लॉर्न, ज्याने तो गोल मारला होता किंवा मारला नव्हता, तो मायरनपाशी आला आणि त्याच्या कानात म्हणाला, "मलाही थोडी शंका होतीच रे."

"थोडी?" मायरन म्हणाला. त्या रात्री त्याने पाईचे तीन तुकडे खाल्ले आणि आयरीनने भुवई उचलली नाही.

७

कलिनाचा संघ मालिकेच्या पाचव्या, निर्णायक सामन्यात हरला, एका गोलने. ती घरी आली तेव्हा डबा पट्टीसकट तसाच होता.

त्याच रविवारी मॅगपाईजची अंतिम लढत, पुन्हा ओल्खोव्हाविरुद्धच. तोवर गोष्ट आजूबाजूच्या गावांत पसरली होती, आणि साठीच्या बायकांचा सामना बघायला वेरेन्काच्या बर्फाच्या रिंकमध्ये उभं राहायला जागा नव्हती. ठरलेला पंच बर्फाच्या वादळात रस्त्यात अडकला. दोन्ही संघांनी एका आवाजात म्हटलं, मायरनला बोलवा.

शेवटची दोन मिनिटं उरली असताना गोलसमोर झुंबड उडाली आणि खाली पडलेल्या स्टेफीने बसल्याबसल्या चकती ढकलली. सगळ्यांनी पंचाकडे पाहिलं. मायरन वाकला, बघितलं, आणि हात ताठ जाळीकडे केला. गोल! समोरच्या बाजूने ओल्खोव्हाचे लोक ओरडले, "आंधळ्या!" आणि वेरेन्काची सगळी माणसं एकदम उठून त्यांच्यावर ओरडली, "त्याला दिसतं!"

मॅगपाईजना पत्र्याचा करंडक मिळाला, फुलदाणीएवढा. स्टेफीने तो उराशी धरून रिंकला फेरी मारली. मग ती बर्फाच्या कडेला आली. तिथे लॉर्न काठी टेकत उभा होता आणि कलिनाने डबा पुढे धरला होता. स्टेफीने स्केटच्या पात्याने पट्टी कापली, हातमोजे काढून बर्फावर टाकले, आणि दोन बोटांनी अंगठी उचलली.

तिच्या बोटांना ती केवढी तरी सैल होती. शेवटी तिने ती अंगठ्यात घातली आणि हात लांब धरून बघत राहिली. लॉर्न रडत होता, उघडउघड, नाक वाहत होतं तरी त्याला भान नव्हतं.

"तू पण घेऊन बघ की," मार्सेल कलिनाला म्हणाला.

कलिनाचे दोन्ही हात मागच्या खिशांत होते. "पुढच्या वर्षी," ती हसून म्हणाली.

स्टेफीने अंगठी काढली, डोळ्यांजवळ नेली, आतल्या बाजूने बोट फिरवलं, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"लॉर्न, ही आतून किती मळलीय रे! चिमट्याने कुठली निघणार? घरी चल, आज हाताने घासते."

आणि ती पुढे चालू लागली, अंगठी मुठीत घट्ट धरून. पत्र्याचा करंडक मात्र तिने मायरनकडे दिला होता. "लक्ष ठेव रे यावर," ती जाता जाता म्हणाली.

मायरनने तो दोन्ही हातांनी धरला. त्याला आता काही जिंकायचं उरलं नव्हतं, तेव्हा हात लावायला हरकत नव्हती.